हिरवा ठिपका म्हणजे काय?

(बडनेरा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या म्हाताऱ्याने आपत्ती व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरवर बोलायचं काय कारण? मलाही तो पडला होता. कारण सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी सरकारी नोकरीत आहे. पावसाळ्यात त्याची ड्यूटी नियंत्रण कक्षात लागते. एकदा मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने मला मोठ्या कौतुकानं समोरचा पडदा दाखवला. तालुक्याचा नकाशा, त्यावर प्रत्येक गावाचा एक ठिपका. लाल म्हणजे संकट, पिवळा म्हणजे सावध, हिरवा म्हणजे ठीक. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पडद्यावर बहुतेक ठिपके हिरवे होते. मी सहज विचारलं, "अरे, हा हिरवा ठिपका म्हणजे नेमकं काय? तिथं सगळं ठीक आहे असं कोणी कळवलं का?" तो म्हणाला, "नाही सर. तिथून अजून काही आलेलं नाही."

मंडळी, घरी येईपर्यंत हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. "तिथून काही आलेलं नाही" आणि "तिथं काही झालेलं नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. पडद्यावर मात्र दोघांचा रंग एकच. माझं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीवर आहे.

आधी या यंत्रणांना त्यांचं श्रेय देऊ. त्या काय करतात, ते साध्या शब्दांत समजून घेऊ. पुराचं मॉडेल म्हणजे एक लांबलचक हिशेब असतो. किती पाऊस पडेल हा हवामान खात्याचा अंदाज. त्यातलं किती पाणी जमिनीत मुरेल, किती वाहून नाल्यात येईल, नाल्याचं नदीत किती जाईल, नदीची पातळी किती वाढेल. मग जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा घ्यायचा, त्यावर ती पातळी ठेवायची आणि कुठल्या वस्तीत किती पाणी शिरेल ते पाहायचं. मुंबईसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेली 'आयफ्लोज' ही यंत्रणा साधारण याच वाटेनं जाते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं बनवलेलं 'दामिनी' अॅप विजेच्या नोंदी पकडून वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरातल्या माणसाला सावध करतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' ही यंत्रणा वेगवेगळ्या खात्यांचे इशारे एका मार्गानं लोकांपर्यंत पोचवते. ही सगळी कामं मोलाची आहेत.

ओडिशाचं उदाहरण घ्या. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन वादळ आलं, तेव्हा बळींचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या काळात अंदाज सुधारले, निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले आणि सुमारे दहा लाख माणसं वेळेत हलवली गेली. तेव्हा संगणक नको, दवंडीच बरी, असं मी म्हणतोय असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. वर्धा नदीकाठच्या मोवाडला ३० जुलै १९९१ च्या पुरात २०४ माणसं गेली. त्या दिवसाबद्दल ऐकलेला कुणीही वरूड-मोर्शीचा माणूस इशारा नको असं म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ती मला माझ्याच विषयाच्या भाषेत मांडू द्या. दोन मिनिटं वर्गात बसल्यासारखं बसा, परीक्षा घेणार नाही.

आपल्याकडे ज्ञानाची साधनं कोणती यावर शेकडो वर्षं वाद झाला. प्रत्यक्ष, अनुमान वगैरे तुम्हाला माहीत आहेत. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि पुढं अद्वैत्यांनी त्यात आणखी एक साधन मोजलं, अनुपलब्धी. म्हणजे न दिसणं. जमिनीवर घडा नाही हे मला कसं कळतं? घडा दिसत नाही म्हणून. आता यावर लगेच शंका येते. अंधाऱ्या खोलीतही घडा दिसत नाही, मग तिथं तो नाही असं म्हणायचं का? या लोकांनी त्याचं उत्तर देऊन ठेवलेलं आहे. नुसतं न दिसणं पुरेसं नाही, न दिसणं 'योग्य' असलं पाहिजे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळा हवा, मध्ये भिंत नको. ही अट पुरी झाली तरच "दिसत नाही" यावरून "नाही" असं म्हणता येतं. बौद्ध तार्किकांनी पिशाचाचं उदाहरण दिलं. पिशाच मुळात दिसणारी वस्तूच नाही असं मानलं, तर ते दिसलं नाही यावरून ते इथं नाही असं सिद्ध होत नाही.

आता तो हिरवा ठिपका पुन्हा आठवा. तिथं संकट असतं तर ते त्या पडद्यावर दिसलंच असतं का? या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तेव्हाच हिरवा रंग खरा. आपल्या यंत्रणा हा प्रश्न विचारत नाहीत. न दिसणं आणि नसणं यांना त्या एकाच रंगात रंगवतात. आणि या चुकीची किंमत माणसांनी मोजलेली आहे.

१९ जुलै २०२३ ची रात्र. रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. डोंगरावरची आदिवासी वाडी, पन्नासेक घरं, सव्वादोनशेच्या आसपास माणसं. वर जायला गाडीरस्ता नाही, पायी चढायचं. रात्री दरड आली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला. बचावासाठी वर चढताना अग्निशमन दलाचा एक कर्मचारी हृदयविकारानं गेला. दुसऱ्या दिवशी सरकारनं विधिमंडळात सांगितलं, की हे गाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं.

यादीत नव्हतं हे खरंच असेल, मला त्यावर शंका घ्यायची नाही. मी एवढंच विचारतो, की यादीत नसण्याचा अर्थ काय? कुणी तिथं जाऊन, उतार पाहून, माती पाहून "धोका नाही" म्हटलं होतं? की कुणाची नजरच तिथं पोचली नव्हती? या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि यादीला तो फरक सांगताच येत नाही. यादीला फक्त "आहे" म्हणता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१४ पासून देशाच्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे केले, ते एकास पन्नास हजार या प्रमाणात. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. पन्नास घरांची वाडी त्यात काही मिलिमीटरची होते. मोठ्या टापूचा अंदाज घ्यायला हा नकाशा चांगला आहे. पण अमुक वाडी सुरक्षित आहे असं त्याच्यावरून म्हणणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत घडा नाही असं म्हणणं.

याहून जुनी आणि याहून मोठी गोष्ट किल्लारीची. भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे पाच विभाग केले होते. किल्लारी पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, तिथं काय झालं ते इथल्या वयस्कर मंडळींना सांगायला नको. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्या भागातल्या लोकांना जमिनीचे धक्के जाणवत होते. म्हणजे लोकांच्या पायांना कळत होतं आणि नकाशाला कळत नव्हतं. पुढं २००२ मध्ये मानक बदललं आणि पहिला विभागच रद्द केला. त्या बदलानंतर देशात दोन ते पाच एवढेच विभाग राहिले. "इथं जवळजवळ धोका नाही" असं सांगणारी ओळ नकाशातून काढून टाकली, हा मला प्रामाणिकपणा वाटतो. पण तो आठ-दहा हजार माणसं गेल्यानंतरचा.

तुम्ही म्हणाल, सर, हे जुनं झालं, आता जागोजागी यंत्रं बसलीत. बसली आहेत, चांगलं आहे. पण यंत्राची नजर किती दूर पोचते तेही विचारा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रात चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला ७४. कुलाब्याचं यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते कुलाब्याबद्दल खरं बोलत होतं. फक्त कुलाबाच पाहणाऱ्याला त्या दिवशी मुंबई ठीक वाटली असती.

आपल्या वऱ्हाडात हे शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. महसूल मंडळात एक पर्जन्यमापक. अतिवृष्टी म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. मंडळाच्या एका टोकाला ढगफुटीसारखा पाऊस होतो, सोयाबीन वाहून जातं, आणि यंत्र ज्या गावी उभं आहे तिथं चाळीसच भरतो. कागदावर अतिवृष्टी झालीच नाही! शेतकरी बांधावर उभा राहून म्हणतो, "सायेब, पानी तं माह्या वावरात हाये, तुमच्या मशीनीत नाही." न्यायशास्त्राचं पुस्तक न वाचता त्याने योग्य अनुपलब्धीची अट सांगितली.

जमिनीच्या उंचीचंही तसंच. जगभर फुकट मिळणारे जे उंचीचे नकाशे आहेत, त्यांतला सगळ्यांत वापरला गेलेला नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारनं केलेला आहे. त्यात साधारण तीस मीटर बाय तीस मीटरच्या तुकड्याला उंचीचा एकच आकडा, आणि त्या आकड्यातही काही मीटरची चूक असू शकते. हिमालयात काही मीटर म्हणजे काही नाही. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमीन पाटासारखी सपाट, तिथं काही मीटर म्हणजे गाव कोरडं की गाव बुडालं एवढा फरक. चार-पाच मीटर रुंदीचा नाला तर त्या नकाशात हरवूनच जातो. आणि आपल्याकडे माणसं बहुतेक वेळा नाल्यातच वाहून जातात.

इथवर मॉडेलबद्दल बोललो. आता दुसरी बाजू, मदतीचा समन्वय. संकट आल्यावर कुठं किती माणसं, किती बोटी पाठवायच्या हे ठरवणारे पडदे. इथं तीच चूक जास्त घातक होते. कारण ज्या गावावर सगळ्यांत मोठा घाला पडतो, तेच गाव सगळ्यांत आधी गप्प होतं.

आंबेगाव तालुक्यातलं माळीण आठवा. ३० जुलै २०१४. योगायोग असा, की मोवाडची तारीखही तीच. सकाळी डोंगर गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. गावातून फोन आला नाही. कोण करणार? बाहेर कळलं ते एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या रस्त्यानं तो बस घेऊन आला आणि नेहमीचं गाव जागेवर दिसेना. त्याने खबर दिली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या चालकाला माळीण माहीत होतं, म्हणून माळीणचं नसणं त्याला दिसलं. ज्याला गाव ठाऊकच नाही, त्याला रस्त्याच्या कडेला फक्त चिखल दिसला असता. २००१ च्या गुजरातच्या भूकंपातही पहिल्या काही तासांत बातम्या अहमदाबादच्या होत्या. भुजचे फोन बंद पडले होते, म्हणून भुज शांत होतं.

आता गंमत ऐका. जी मंडळी ही सॉफ्टवेअरं लिहितात, त्यांना ही गोष्ट पक्की माहीत आहे. त्यांच्या स्वतःच्या यंत्रांसाठी त्यांनी सोय केलेली असते. एक संगणक दुसऱ्याला दर काही सेकंदांनी "मी जिवंत आहे" असा संदेश पाठवत राहतो. त्याला ते हार्टबीट म्हणतात, हृदयाचा ठोका. ठोका आला नाही की पलीकडचा संगणक बिघडला असं धरून धावपळ सुरू होते. म्हणजे यंत्र गप्प झालं तर लाल, आणि माणसांचं गाव गप्प झालं तर हिरवं! हा न्याय कुठला? मी हे त्या विद्यार्थ्याला बोललो. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सर, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं."

तिसरी गोष्ट इशाऱ्याची. इर्शाळवाडीच्या दुसऱ्या दिवशी, २० जुलै २०२३ ला सकाळी साडेदहाच्या सुमारास, मुंबई-पुण्यासह अनेक ठिकाणी लोकांचे फोन एकदम मोठ्यानं वाजले. दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश होता. हे तंत्र चांगलं आहे. त्याला इंटरनेट लागत नाही, तुमचा नंबर लागत नाही, टॉवरच्या टप्प्यातला प्रत्येक फोन वाजतो. चाचणीची तारीख आधीच ठरलेली असणार, तेव्हा कुणाला दोष द्यायचा नाही. पण तो प्रसंग डोळ्यांपुढं आणा. शहरातला माणूस खिशातून फोन काढून दचकतोय, आणि त्याच वेळी त्या डोंगरावर माणसं हातांनी चिखल उपसतायत.

इशारा 'पाठवला' याची नोंद यंत्रणेत राहते. 'कळला' याची राहत नाही. आपल्याकडे मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, कितीतरी गावांत रेंज नाही. आणि जिथं आहे तिथं कोरकू बोलणाऱ्या म्हातारीला इंग्रजी किंवा मराठी संदेश काय सांगणार? देशात वीज पडून दर वर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात, आणि त्यांत शेतात राबणारी फार. दामिनी अॅपबद्दल मी निंदायला जाणाऱ्या एका बाईला विचारलं. ती हसली अन् म्हणाली, "सर, फोन तं पोरापाशी असते, अन् पोरगा पुण्याले असते." म्हणजे वीज पडणार बडनेऱ्याच्या वावरात आणि फोन वाजणार तर कुठं? यंत्रणेच्या हिशेबात मात्र त्या घरी फोन आहे.

आता माझ्यावर येणारे आक्षेप मीच घेतो.

पहिला आक्षेप असा, की जिथं पाहिलेलं नाही तिथं वेगळा रंग द्यायचा ठरवलं तर अर्धा नकाशा राखाडी होईल. होऊ द्या ना! अर्धा नकाशा राखाडी असेल तर तेच सत्य आहे, आणि ते सत्य ज्यांच्या हातात पैसा आहे त्यांच्या डोळ्यांपुढं असलं पाहिजे. हिरवा नकाशा पाहून कुणी सर्वेक्षणाला पैसे मंजूर करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सारखे इशारे दिले तर लोक ऐकेनासे होतात. लांडगा आला रे आला. हे खरं आहे. जिल्ह्याला रेड अलर्ट, शाळांना सुट्टी, आणि अमरावतीत लख्ख ऊन. हे आपण पाहिलंय आणि त्यावर विनोदही केलेत. पण त्याचं कारण इशारे जास्त आहेत एवढंच नाही, ते फार मोठ्या जागेला दिले जातात हेही आहे. आपला जिल्हा बारा हजार चौरस किलोमीटरहून मोठा. मेळघाटचा डोंगर आणि दर्यापूरचं सपाट रान यांना एकच रंग दिला, तर एकाला तो खोटा ठरणारच. आणि मी जास्त इशारे मागतच नाही. "धोका आहे" म्हणा, "पाहिलं, धोका नाही" म्हणा, किंवा "पाहिलेलं नाही" म्हणा. तिसरं वाक्य ऐकून लोक घाबरत नाहीत, लोक स्वतः पाहायला लागतात. तुमच्यासाठी कुणीतरी पाहिलंय असा खोटा दिलासा जास्त वाईट. त्याने माणूस स्वतःचे डोळे मिटून घेतो.

तिसरा आक्षेप, हे करणार कोण? तलाठ्याकडे आधीच चार-चार गावं. मान्य. पण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या जोडीला जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना सहअध्यक्ष केलंय आणि स्थानिक संस्थांनाही कामं नेमून दिली आहेत. ते कशासाठी? गाव ओळखणारी माणसं त्यात असावीत म्हणूनच ना! पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई, एसटीचा चालक, हे सगळे माळीणच्या त्या चालकासारखे आहेत. गाव नेहमी कसं दिसतं हे त्यांना माहीत आहे. त्यांचा शब्द यंत्रणेत नोंदवायला जागा करा. आप्तवचन हेही प्रमाणच आहे, आमच्या अनेक जुन्या पुस्तकांत.

म्हणून माझं मागणं तीनच गोष्टींचं आहे. नकाशावर "पाहिलेलं नाही" असा वेगळा रंग हवा, आणि जिथं हिरवं आहे तिथं कुणी, कधी पाहिलं ते लिहिलेलं हवं. पावसाच्या रात्री ठरलेल्या वेळेत ज्या गावाचा "ठीक आहे" असा निरोप आला नाही, त्याचा रंग आपोआप बदलायला हवा. आणि इशारा किती जणांना पाठवला त्याच्या शेजारी, किती गावांतून "कळला" असा उलट निरोप आला, तो आकडा हवा. यातलं काहीही करायला नवा शोध लागत नाही.

आणि एक काम तुमच्यासाठी. पुढच्या ग्रामसभेला किंवा वॉर्डाच्या बैठकीला गेलात तर विचारा, की आपला नाला, आपला तलाव, आपला उतार शेवटचा कुणी आणि कोणत्या तारखेला पाहिला? तारीख मिळाली तर लिहून घ्या. मिळाली नाही तर तेही लिहून घ्या आणि तहसीलला नेऊन द्या, पोच घ्या.

त्या विद्यार्थ्यानं मला मागच्या महिन्यात फोन केला होता. म्हणाला, "सर, पडद्यावर काही बदलता येत नाही, माझ्या हातात नाही. पण आता पाऊस जोरात असला की रात्री मी हिरव्या गावांच्या पोलीस पाटलांना फोन लावतो. काही उचलतात, काही शिव्या देतात." मी त्याला म्हटलं, शिव्या आल्या तर तुझा ठिपका खरोखर हिरवा आहे असं समज. जे उचलत नाहीत, त्यांची काळजी कर.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, मला घाई नाही.